उत्तर न मागणारा आवाज

आण्णा मगदूम आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होते. कालव्याला भगदाड पडलं की कमरेइतक्या पाण्यात उभे राहणारे. एकदा तर कालव्याखालच्या नळीत अडकलेलं वासरू काढायला स्वतः पोटावर सरपटत आत गेलेले. असा माणूस मिरजेच्या त्या स्कॅन सेंटरात यंत्राच्या पांढऱ्या बोगद्यात शिरला आणि हातातला इशाऱ्याचा रबरी चेंडू दाबून दाबून ओरडायला लागला, "काढा! मला भाईर काढा!" पद्मजाबाईंनी हे काचेतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर कुणी सांगून त्यांना पटलं नसतं.

बाहेर आल्यावर आण्णांचा सदरा घामाने चिकटला होता. बायकोकडे न बघता ते म्हणाले, "आत हवाच न्हाई." हवा होती. पंखाही होता. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आत गेले, पुन्हा ओरडले. तिसऱ्या दिवशी तर ते फळीपर्यंतही गेले नाहीत. गावभर ज्यांना शब्दाचे आणि छातीचे पक्के म्हणत, त्या आण्णांनी दारातूनच परत फिरायची भाषा केली.

तसं परत फिरून चालण्यासारखं नव्हतं. त्यांच्या यकृतात गाठ होती. कापून काढता येणार नाही अशा जागी होती, म्हणून किरणांनी जाळायची होती. आणि यकृतातली गाठ काही एका जागी बसून राहत नाही. श्वास घेतला की ती खाली सरकते, सोडला की वर येते. जुन्या यंत्रांना हा खेळ नीट दिसत नसे, त्यामुळे गाठीबरोबर आजूबाजूचं चांगलं यकृतही भाजून निघायचं. या नव्या यंत्रात चुंबकाने आतलं चित्र काढणं आणि किरण सोडणं एकाच बोगद्यात, एकाच वेळी चालायचं. गाठ ठरल्या जागी आली की किरण चालू, सरकली की आपोआप बंद. माणूस संथ श्वास घेत पडून राहिला तर काम झटपट उरकायचं. धापा टाकायला लागला, हलला, तर यंत्र नुसतं उघडझाप करत राहायचं आणि गाठ मजेत असायची. रोज भूल देऊन निजवावं, तर आण्णांचं हृदय ते सोसणारं नव्हतं. थोडक्यात, डॉक्टरांनी पद्मजाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की गाठीच्या आधी भीती काढावी लागेल. ती निघाली तर माणूस वाचेल.

भीती काढायचं यंत्रही सेंटरात नुकतंच आलं होतं. कंपनीने त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण तिथली माणसं त्याला 'सोबती' म्हणत. ते फरजाना शिकलगार सांभाळायची. तिशीतली, चष्मेवाली, भराभर चालणारी मुलगी. तिने पद्मजाबाईंना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं.

"काकू, मेंदूत खोलवर, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, बदामाएवढी दोन केंद्रं असतात. माणूस घाबरला की तिथं रक्त धावतं, आणि चुंबकाला ते दिसतं. पहिल्या दिवशी आपण आण्णांच्या डोक्याचं चित्र घ्यायचं आणि त्याच वेळी त्यांच्या कानात आवाज सोडायचा. कुठल्या आवाजानं भीती उतरते, कुठल्यानं चढते, ते सोबती बघतो. आवाज जाडा-बारीक करतो, संथ करतो, शब्द बदलतो. उतरली की ते ठेवतो, चढली की टाकतो. नाडी आणि श्वास कसे बदलतात तेही शिकून घेतो, म्हणजे नंतर पोटाचं चित्र चालू असताना डोकं बघावं लागत नाही. सुरुवात मात्र घरच्या माणसाच्या आवाजानं करतो. बहुतेकांना तोच पुरतो."

"म्हंजे माझ्या?"

"दुसरं कोण आहे सोबत?"

दुसरं कुणी नव्हतं. एकुलती एक मुलगी हुबळीला, तिच्या मागे तिचा संसार. पद्मजाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि गादीच्या भिंती असलेल्या त्या चिमुकल्या खोलीत जाऊन माइकपुढे बसल्या. बोलायचं म्हटल्यावर त्यांना कसलं आलंय संकट? म्हैसाळ रोडच्या त्यांच्या बिल्डिंगीत तळमजल्यावरच्या माणसाला त्यांची आज कुठली भाजी आहे हे कळायचं.

फरजानाने समोर कागद ठेवला. पहिलं वाक्य होतं: 'नेमगोंडा, घाबरू नका. मी इथेच आहे.'

पद्मजाबाई थांबल्या. "ह्यात यांचं नाव हाय."

"हो. नावानं हाक मारायची."

"मी यांचं नाव घेत न्हाई."

"कधीच?"

"लग्नात घेतलं हुतं. तेबी उखाण्यात." त्या चक्क लाजल्या. पांढरे केस, हातात अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याची पिशवी अडकवून आलेली बाई, नव्या नवरीसारखी लाजली. "'अवो' म्हटलं तर?"

"'अवो' सगळ्यांचंच असतं, काकू. मेंदू झोपेतसुद्धा स्वतःच्या नावाला जागा होतो. प्रत्येक वाक्यात नाव लागतंच, नाहीतर सोबती पुढं जात नाही."

तसं पाहिलं तर 'नेमगोंडा' हे नाव पद्मजाबाईच काय, कुणीच घेत नव्हतं. थोरले-धाकटे सगळे आण्णाच म्हणायचे. ते नाव फक्त सरकारी कागदावर होतं. पद्मजाबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं, आण्णा ऐकत नाहीत ना म्हणून. मग नवऱ्याच्या जिवापुढे नावाचं काय घेऊन बसायचं असं मनाशी म्हणून त्यांनी शाळेत उभं राहून धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं, "नेमगोंडा, घाबरू नका. मी इथेच आहे. नेमगोंडा, सावकाश श्वास घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फरजानाच्या शेजारी काचेमागे बसल्या. पडद्यावर एक केशरी रेघ होती. ती आण्णांची भीती. रेघ वर होती, थरथरत होती. फरजानाने बटण दाबलं आणि खोलीतल्या बारक्या स्पीकरवर पद्मजाबाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "नेमगोंडा, घाबरू नका..."

रेघ उडी मारून पडद्याच्या टोकाला गेली.

दुसरं वाक्य. पुन्हा तेच. तिसऱ्याला आण्णांनी चेंडू दाबला. फरजानाने घाईघाईने स्पीकर बारीक केला आणि "होतं असं कधी कधी" म्हणाली. पण पडद्यावर खाली इंग्रजीत काहीतरी उमटलं आणि पद्मजाबाईंच्या नावापुढे तांबडी फुली पडली, तिचा अर्थ सांगायला कुणी नको होतं.

मग सोबती स्वतःच्या कामाला लागला. एक पुरुषाचा आवाज आला आणि गेला. एक कोवळा आला, तोही गेला. हळूहळू त्यातून एका बाईचा आवाज तयार व्हायला लागला. थोडा बसका, थोडा कानडी हेल असलेला, वाक्याच्या शेवटी किंचित रेंगाळणारा. "श्वास घ्या... असू दे... सोडा..." केशरी रेघ खाली यायला लागली. दूध उतू जाताना गॅस बारीक केल्यावर साय बसते, तशी ती बसली. आण्णांच्या मुठी उघडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते बोगद्यात निवांत पडून राहिले.

"झालं!" फरजाना आनंदाने म्हणाली.

पद्मजाबाई मात्र त्या स्पीकरकडे बघत होत्या. "ही कोण?"

"कोणीच नाही, काकू. सोबतीनं घडवलेला आवाज आहे. अशी बाई जगात नाही."

असेल बाई तर तिच्याशी भांडता येतं. निदान तिला नावं ठेवता येतात. नसलेल्या बाईचं काय करायचं, हे पद्मजाबाईंना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांना नवरा वाचणार याचा आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी टोचायला लागलं. एवढी वर्षं त्या माणसाच्या कानाशी त्या बोलत होत्या. सकाळी चहापासून रात्री दिवा घालवेपर्यंत. आणि तो आवाज कानात पडला की त्याच्या काळजाचं पाणी होतं? मनाचं समाधान करावं, तर रेघ खोटं कशाला बोलेल? तिला ना नातं, ना गोतं.

त्या दिवसापासून पद्मजाबाई घरात बोलेनाशा झाल्या.

रागाने नव्हे. रागावल्या असत्या तर आवाज वाढला असता. आजारी माणसाला आपला आवाज बाधतो म्हटल्यावर आपण तो आवरायला नको का, एवढाच त्यांचा हिशोब. ताट वाढायचं, पुढे सरकवायचं. गोळ्या तळहातावर ठेवायच्या. रिक्षा आली की दाराशी उभं राहून हाताने खुणावायचं. आण्णा आधीच मितभाषी. ते दोन-तीनदा "काय झालं?" म्हणाले, पद्मजाबाईंनी मान हलवून 'काही नाही' सांगितलं. मग तेही गप्प झाले. घर इतकं शांत झालं की तळमजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

पहिले काही दिवस किरणांचं काम बिनबोभाट झालं. मग यंत्र पुन्हा अडखळायला लागलं. कानात ती नसलेली बाई गोड बोलत होती, आणि तरी रेघ रोज थोडी थोडी वर चढत होती. श्वास तुटत होता, किरण मधेच बंद पडत होते. गाठीचा निम्मादेखील भाग जळाला नव्हता. शेवटी फरजानाने एक दिवस आण्णांना बोगद्यातून बाहेर घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आण्णा, घरी काही बदललंय का?"

आण्णा पाण्याचा पेला हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "ही बोलत न्हाई."

"म्हणजे?"

"एक शब्द न्हाई. सारखं बोलणारी बाई. मला वाटलं, डॉक्टरांनी हिला काय तरी सांगितलंय. मला सांगण्यासारखं नसंल असं. माझे किती दिवस ऱ्हायलेत ते हिला ठाऊक असणार, म्हणून तोंड मिटून बसल्याय."

पद्मजाबाई दाराशीच उभ्या होत्या. इतक्या दिवसांचा बांध फुटला. "अवो, मला कुणी काय सांगितलं न्हाई! तुमालाच माझा आवाज सोसत न्हाई. मी बघितलीया रेघ. मी बोलले आणि ती वर गेली. टोकाला गेली!"

"कवा?"

"पहिल्या दिवशी. 'घाबरू नका' म्हटलं, तर तुमी चेंडू दाबलासा."

आण्णा बायकोकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. आजारपणात पहिल्यांदाच. "ती खरीच तू हुतीस व्हय? अगं, तू माझं नाव घेतलीस!"

"मग? ह्या पोरीनं घ्यायला लावलं."

"जल्मात कधी न्हाई आणि एकदम नेमगोंडा! तेबी वर्गात हजेरी घेतल्यागत. मला वाटलं, मी गेलो. संपलं. गेलेल्या माणसालाच बायको अशी नावानं हाक मारत असंल."

फरजाना हसून हसून खुर्चीत बसली. पद्मजाबाई हसल्या आणि रडल्याही, आणि पदराने दोन्ही एकदमच पुसलं. सोबतीला सगळं कळत होतं, फक्त लग्न झालेली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आज काकूच बोलतील," फरजानाने जाहीर केलं. "समोर माइक आहे. नाव नको, कागद नको. रोजच्यासारखं बोला."

आण्णा पुन्हा आत गेले. यंत्राची ठकठक सुरू झाली. पद्मजाबाईंनी माइक जवळ ओढला आणि इतक्या दिवसांचं साठलेलं बोलायला सुरुवात केली. "अवो, ऐकलासा का, खालच्या बाई काल वर आल्या हुत्या..."

केशरी रेघ खाली आली. आली आणि येतच राहिली. त्या नसलेल्या बाईने जिथवर आणली होती, त्याच्याही खाली गेली. फरजानाने चष्मा काढून पुसून पुन्हा लावला. इतकी खाली रेघ तिने या खोलीत पाहिली नव्हती. पद्मजाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्या बोलत राहिल्या, खालच्या बाईंबद्दल, मुलीच्या फोनबद्दल, गॅलरीत सुकलेल्या तुळशीबद्दल.

"काकू," फरजाना हळूच म्हणाली, "किरण चालू होत नाहीयेत."

खरंच होत नव्हते. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला गाठीचं चित्र होतं, तिच्याभोवती हिरवं कुंपण. पद्मजाबाईंचं वाक्य संपलं की गाठ टुणकन कुंपणाबाहेर उडी मारायची आणि किरण बंद. फरजानाने आतल्या माइकचा आवाज वाढवला. तेव्हा कळलं.

"...मग मी म्हटलं, तुळस काय आता जगायची न्हाई."

"हं," आतून आण्णांचा आवाज आला.

"दुसरी आणते, बाजारात गेल्यावर."

"हं."

प्रत्येक 'हं'ला पोट हलत होतं, श्वास तुटत होता, मान बायकोच्या आवाजाकडे वळत होती. फरजानाने त्यांना बजावलं, आण्णा, नुसतं ऐका, उत्तर देऊ नका. आण्णा म्हणाले, "मी कुठं काय बोललो?" त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. पद्मजाबाईंनी उत्तर लागणार नाही असं काही बोलून पाहिलं, णमोकार मंत्र म्हणून पाहिला. मंत्राच्याही शेवटी आतून "हं" आलं. एवढ्या वर्षांची सवय, ती काही फरजानाच्या सांगण्याने जाणार होती?

सोबतीचा आवाज उत्तर मागत नव्हता. तो 'श्वास घ्या' म्हणायचा आणि निघून जायचा, म्हणून आण्णा त्याच्यापुढे नुसते पडून राहू शकत. बायको बोलली की मात्र त्यांच्यातलं काहीतरी उठून बसायचं. पद्मजाबाईंना हे नीट कळलं. यातल्या कशाचा आपल्याला अभिमान वाटावा आणि कशाचं दुःख, तेवढं मात्र कळेना.

फरजाना त्यांच्याकडे बघत होती. निर्णय तिलाही घेता आला असता, पण तिने घेतला नाही.

पद्मजाबाईंनी माइक दूर सारला. "तिलाच लाव," त्या म्हणाल्या.

"आण्णांना काय सांगू?"

"सांग, काकूंचा घसा बसलाय."

त्या दिवशी किरणांचं काम सुरळीत पार पडलं. पुढेही पडत राहिलं, कारण आता घरी पद्मजाबाई पूर्वीसारख्या बोलत होत्या आणि तिथे ती दुसरी. कामाची वाटणी झाल्यासारखं झालं. गाठ आकसली, मग तिचा व्रण उरला. डॉक्टरांनी हात मिळवला. फरजानाला पेढे मिळाले. बिल्डिंगीतही वाटले.

आणि जाताना डॉक्टरांनी तो आवाज आण्णांच्या मोबाइलवर घालून दिला. पुढच्या तपासण्यांना पुन्हा बोगद्यात जावं लागणार, तेव्हा दुपारी जरा श्वासाचा सराव ठेवा, म्हणाले.

आण्णांनी सराव ठेवला. दुपारी जेवण झालं की इअरबड कानात घालून खुर्चीत डोळे मिटायचे. मग चहाच्या वेळेलाही ते कानात राहायला लागले. मग गॅलरीत बसतानाही. गाठ गेली होती, पण ती परत येईल ही भीती कुठे गेली होती? ती रोज डोकं वर काढायची आणि रोज ती बाई तिला निजवायची. आण्णा आनंदी होते. त्यांची भूक सुधारली होती. तक्रार करावी असं काहीच नव्हतं.

"अवो, मीठ पडलंय का बरोबर?"

आण्णा जेवत होते.

"अवो."

मग त्यांचं लक्ष जायचं, बोटाने इअरबड काढायचा आणि विचारायचं, "काय म्हणालीस?" तोवर बोलण्यातला जीव गेलेला असायचा. सहज आलेली गोष्ट पुन्हा सांगायची म्हटली की ती सांगण्यासारखी राहत नाही. "काय न्हाई," पद्मजाबाई म्हणायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, अगदी सरळ विचारलं. "काय बोलत्याय ती?"

"काय न्हाई. श्वास घ्या, सोडा."

"तेवढं तर मीबी म्हणंन की."

आण्णांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "तू बोललीस की मला वाटतंय, माझं काय तरी करायचं ऱ्हायलंय. ती बोलली की तसं वाटत न्हाई." मग बायकोचा चेहरा बघून म्हणाले, "तुझं काय चुकत न्हाई गं." आणि ते खरंही होतं. कुणाचंच काही चुकत नव्हतं. पद्मजाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी त्यांनी पुन्हा धुतली. माणूस वाचवायला आपण आपल्या हाताने माइक दूर सारला होता. तो माणूस वाचला होता, समोर बसला होता, आणि त्याच्याशी बोलायला आता त्याच्या दंडाला हात लावावा लागत होता.

पुढे पद्मजाबाईंना चक्कर यायला लागली. उठताना घर फिरायचं. डॉक्टरांनी मेंदूचं स्कॅन सांगितलं. पुन्हा तेच सेंटर, तीच फरजाना.

"काकू, तुम्ही? सोबत कोण?"

"हे हायत की," म्हणून त्यांनी बाहेरच्या बाकाकडे हात केला.

तेव्हा गादीच्या भिंतींच्या खोलीत आण्णांना बसवण्यात आलं. फरजाना शहाणी झाली होती. तिने कागद दिलाच नाही. म्हणाली, रोज बोलता तसं बोला. आण्णा माइककडे बघत बसले. "रोज मी कुठं बोलतोय? तीच बोलत्याय." फरजानाने एक वाक्य सुचवलं, ते त्यांनी दोनदा म्हटलं. मग दाराकडे बघायला लागले. पद्मजाबाईंना दाराशी उभं राहून ते बघवेना. त्या घाबरलेल्या होत्या, आणि घाबरल्या की त्या बोलत. "अवो, किल्ली माझ्या पिशवीत हाय. आणि मला वेळ लागला तर तुमी जेवून घ्या. डबा आणलाय मी." इअरबड त्या खोलीत चालत नसत म्हणून बाहेर ठेवलेले होते. आण्णा प्रत्येक वाक्याला "हं" म्हणाले. रेकॉर्डिंग चालूच होतं.

बोगद्यात सरकल्यावर पद्मजाबाईंना पहिल्यांदा कळलं की आण्णा तेव्हा का ओरडले होते. छत अगदी नाकाशी आलं. डोक्यावर पिंजरा, कानावर हेडफोन. डोकं हलवायचं नाही, ओठसुद्धा नाहीत, असं फरजानाने बजावलं होतं. ठकठक सुरू झाली.

"पद्मा, घाबरू नको. मी हितंच हाय," आण्णांचा आवाज आला. फरजानाने सुचवलेलं वाक्य. पद्मजाबाईंना काही वाटलं नाही. ते पुन्हा आलं, जरा संथ. मग जरा जाड. सोबती चाचपडत होता. थोडा वेळ नुसतीच ठकठक झाली. आणि मग कानाशी, अगदी जवळ, आलं:

"हं."

पद्मजाबाईंच्या अंगावर काटा आला. किती दिवसांनी. ओठ हलवायचे नव्हते, म्हणून त्या मनातच बोलल्या. अवो, दूध तापवायचं ऱ्हायलंय.

"हं."

पोरीला हुबळीला कळवू नकासा. उगंच जिवाला घोर.

"हं."

मला लई भ्या वाटतंय वो.

"हं."

छातीवरचा धोंडा उतरला. त्या बोलत सुटल्या, मनातल्या मनात, खळखळून, राहिलेलं सगळं. मीठ, तुळस, खालच्या बाई, दुपारचं ते मुकं घर. प्रत्येक गोष्टीला 'हं' मिळत होतं. मग काहीतरी खटकलं. एक 'हं' वाक्याच्या मधेच आलं होतं. पद्मजाबाई थांबल्या. मुद्दाम काहीच बोलल्या नाहीत, मनातही नाही. यंत्र ठोकत राहिलं.

"हं," आवाज आला.

त्या गप्पच राहिल्या.

"हं."

दर वेळी तेच एक 'हं' होतं. त्याच्या शेवटचं बारीक खाकरणंसुद्धा तेच. आण्णा बाहेर बाकावर होते, आणि इअरबड पुन्हा कानात घातले असतील तर त्यांना दारावर कुणी थाप मारली तरी ऐकू येणार नव्हतं.

"छान, काकू," फरजाना मधेच म्हणाली. "रेघ सुंदर खाली येतेय. असंच पडून राहा."

पद्मजाबाईंनी डोळे मिटून घेतले. अवो, त्यांनी मनात विचारलं, तुमी खरंच ऐकालासा का?

"हं."

आणि आपली भीती आणखी खाली उतरली, हे त्यांना रेघ न बघताच कळलं.